फुलवालीच्या व्हॅनची चाकं

"रिम कुठूनही आण," जिनेत म्हणाली होती. "दुकानातून आण, भंगारातून आण, अगदी चोराकडून आण. फक्त सासरच्या माणसांना शोधायला सांगू नकोस."

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. जिनेतचं गॅरेज गावात एकच, त्यामुळे गावातल्या प्रत्येक गाडीचं पोट तिनं खालून पाहिलेलं आहे. आमची व्हॅन तिनं वर उचलली होती आणि टॉर्च घेऊन ती एकेका चाकाभोवती फिरत होती. चारांतल्या दोन रिमा तडकलेल्या, तिसरी वाकलेली.

"टायर आहेत माझ्याकडे. हिवाळी, नवे, तुझ्याच मापाचे. चारच उरलेत, तुझं नाव टाकून ठेवते. पण रिमा मागवाव्या लागतील, तीन आठवडे जातील. आज हो म्हण."

मी म्हटलं, घरी विचारून सांगते. तेव्हा तिनं ते वरचं वाक्य टाकलं. मी हसले. मला वाटलं, हिचं हिच्या सासरी पटत नसावं.

व्हॅन आम्ही ऑगस्टमध्ये शिकुतिमीतल्या एका फुलवालीकडून घेतली होती. तिच्या दारावर अजून पुसट गुलाब आहेत आणि हीटर लावला की आत लिलीचा वास सुटतो. घेतली ती फ्लावीसाठी. फ्लावी पाच महिन्यांची. जन्मतःच तिच्या कमरेचा सांधा सैल, म्हणून दुसऱ्या महिन्यापासून तिला छातीपासून पावलांपर्यंत पट्टे बांधलेले, पाय बेडकासारखे फाकवलेले. असं बाळ गाडीतल्या नेहमीच्या खुर्चीत मावत नाही. त्याला रुंद खुर्ची लागते, आणि घरातल्या साऱ्या गाड्यांमध्ये ती खुर्ची एकट्या त्या व्हॅनमध्येच बसते. दोन डिसेंबरला, मंगळवारी, सकाळी साडेदहाला क्युबेक शहरातले हाडांचे डॉक्टर फ्लावीला बघून पट्टे काढायचे की नाही ते ठरवणार होते. ती वेळ हुकली तर पुढची मार्चमध्ये. मार्चपर्यंत पोर रांगायला लागेल की पट्ट्यांतच राहील, या विचारानं मी रात्री उठून कॅलेंडर बघायची, जणू मधल्या काळात तारीख कुठे सरकणार होती.

शहरात जायचं म्हणजे पार्कातला, राखीव जंगलातला रस्ता. दोनशे किलोमीटर नुसतं जंगल, चढ, उतार आणि वारा. एक डिसेंबरपासून हिवाळी टायरांशिवाय गाडी बाहेर काढली तर पोलीस पकडतात, पण पोलिसांची मला भीती नव्हती. त्या रस्त्यावर हिवाळ्यात उन्हाळी टायर घालून जाणं म्हणजे पाटाला साबण लावून त्यावर बसून जिना उतरणं.

माझा नवरा रेमी उत्तरेकडे खाणीत कामाला आहे, तीन आठवडे तिथे आणि एक आठवडा घरी. फोनवर तो म्हणाला, "रिमा ना? बाबांना विचार."

इथून सगळं सुरू झालं.

रविवारी सासरी जेवायला गेले आणि मांस भरलेली तूर्तियेर कापता कापता विषय काढला. आमच्याकडे टेबलावर राजकारण निघालं तर लोक जेवत राहतात. टायर निघाले की काटे खाली ठेवतात.

"नव्या रिमा?" सासरे म्हणाले. त्यांचं नाव आदेलार, पण फ्लावी झाल्यापासून घरदार त्यांना आजोबाच म्हणतं. "फुलवालीच्या गाडीला?"

"दोन तडकल्यात, आजोबा."

"तडकू देत. लोखंडी रिमा गावात हव्या तेवढ्या पडल्यात. एकही शेड नाही जिच्यात चार रिमा नाहीत. आणि पोरी, घेशील त्या पंधरा इंची घे, अरुंद, टायर जिनेत बदलून देईल. अरुंद चाक बर्फ कापून जमिनीला टेकतं. रुंद चाक नुसतं वर तरंगतं. माझ्या वडिलांनी सगळा जन्म अरुंद चाकावर काढला."

"तुमच्या वडिलांकडे घोडा होता," सासूबाई जासँत म्हणाल्या.

"मग? घोड्याचा खूर अरुंदच असतो."

माझ्या नणंदेचा नवरा यानिक एवढा वेळ गप्प होता, कारण त्याचं तोंड भरलेलं होतं. तो घास गिळून म्हणाला, "सासरेबुवा, तुमचा काळ गेला. आता रुंद चाक, सतराचं, दणकट. आणि हे बघा, माझ्या ओळखीचा एक आहे."

आमच्या मुलखात प्रत्येक कुटुंबात असा एक जावई असतो, ज्याच्या ओळखीचा एक असतो. छप्पर गळो, बॉयलर बिघडो, दात दुखो, याच्या ओळखीचा एक असतो. कुटुंबात असा माणूस नसेल तर एखादी मुलगी लवकर उजवून घेतात.

"ओळखीचा कोण?" आजोबांनी विचारलं.

"जाँकिएरला राहतो. त्याच्या शेडमध्ये रिमांची रास आहे. पैसे घेत नाही, मूसचं मांस घेतो. यंदा त्याला शिकार मिळाली नाही, लाजेनं घरात तोंड दाखवत नाहीये."

आजोबांना यंदा मूस मिळाला होता. घोड्याएवढं ते जनावर, चार पोत्यांच्या मापाचं मांस तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये झाकणापर्यंत भरलेलं होतं. आजोबा रोज एकदा खाली जाऊन झाकण उघडून बघून यायचे. क्षणभर ते थबकले. मग फ्लावीकडे पाहिलं.

"नातीसाठी एक मांडी गेली तर गेली. माप आण, जावई."

मोजणी तेव्हाच झाली. आजोबांनी सुताराची घडीची पट्टी आणली, चाकाच्या एका भोकावर टेकवली आणि समोरच्या भोकापर्यंत नेली. पण चाकाला भोकं पाच. पाचात समोर भोक नसतंच, समोर दोन भोकांमधली जागा असते. आजोबांनी पट्टी आधी डाव्या भोकाकडे वळवली, मग उजव्या, मग दोन्हींच्या मधोमध धरून एक डोळा मिटला.

"साधारण अकरा सेंटिमीटर."

"साधारण म्हणजे?" मी विचारलं. मी फ्लावीचं दूधसुद्धा मिलिलिटरमध्ये लिहून ठेवते.

"साधारण म्हणजे अकरा."

महिन्याभरानं यानिक चार रिमा घेऊन आला. तकतकीत, सतराच्या, रुंद. मांडी गेली होती आणि वर सॉसेजचे दहा पुडे गेले होते, कारण ओळखीच्या माणसाला बायको होती आणि बायकोला सॉसेज आवडत होते. व्हॅन जॅकवर चढली. रिम लावली. पहिला नट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या भोकातून नुसतंच लोखंड दिसत होतं.

"पाचांतले दोन बसले," यानिक म्हणाला. "चाळीस टक्के."

मी व्हॅनमधूनच जिनेतला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या गाडीचं माप एकशे आठ मिलिमीटर. तू आणलेलं बहुतेक एकशे चौदा. डोळ्याला दोन्ही साधारण अकरा."

"आता मागवल्या तर?"

"आता मागवल्या तर दहा डिसेंबर."

कॅलेंडर मला पाठ होतं.

आजोबा मात्र भलतेच खुशीत होते. रुंद रिमा हरल्या होत्या. "मी काय म्हणत होतो? आता माझं ऐका. सँ-फेलिसियँला माझा एक जुना दोस्त आहे, करवतीच्या गिरणीवर सोबत होतो. त्याच्याकडे पंधराच्या अरुंद रिमा आहेत, एकशे आठच्याच. मी फोनवर विचारलंय."

"मोजून विचारलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"रिमेवर आकडा कोरलेला असतो, जासँत. मी काय आज जन्मलोय?"

दोस्तानं रुंद रिमा बदल्यात घेतल्या. पण अदलाबदल बरोबरीची नव्हती म्हणे, म्हणून उरलेला मूस गेला. आजोबा सँ-फेलिसियँहून परतले तेव्हा संध्याकाळ झाली होती. ते तळघरात गेले, फ्रीझरचं झाकण उघडलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. आत वाटाण्यांची एक पिशवी होती.

तीस नोव्हेंबर उजाडला, रविवार. दरवर्षी या रविवारी आमच्या सासरच्या अंगणात टायर बदलायची सामूहिक मोहीम असते. जॅक, पाने, कॉफीचा मोठा थर्मास आणि प्रत्येकाच्या तोंडात एक सल्ला. आदल्या रात्री बर्फ पडलं होतं, वारा होता, सगळ्यांच्या नाकाचे शेंडे लाल झालेले, आणि तरीही एखाद्या लग्नघरासारखा उत्साह होता. उद्यापासून कायदा लागू, परवा डॉक्टर. अंगणात फुलवालीची व्हॅन जॅकवर उभी होती, एक पाय उचललेल्या कुत्र्यासारखी.

आजोबांनी अरुंद रिम लावली. पाचही नट गेले. आजोबांनी पाना बाजूला ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"फिरव," ते यानिकला म्हणाले.

यानिकनं चाक फिरवलं. फिरलं नाही. दोन्ही हातांनी फिरवलं. आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. यानिक आडवा झाला, खालून डोकावला.

"सासरेबुवा, रिम ब्रेकला टेकलीय. चाक लहान आहे, ब्रेक मोठा आहे."

"थोडा घासला की बसेल."

"काय घासला की?" मी विचारलं.

"ब्रेक."

"आजोबा, ब्रेक घासायचा नाही."

"इवलासा."

"आजोबा, त्या गाडीत फ्लावी बसणार आहे."

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी मान खाली घातली, नट काढले, रिम ओढली. ती निघेना. त्यांनी लाकडाचा ठोकळा घेतला आणि रागारागानं, बहुधा स्वतःवरच्याच, एक ठोका दिला. रिम सुटली, त्यांच्या हातावर आपटली, जमिनीवर उभी पडली आणि चालायला लागली.

आमचं गाव सागने नदीच्या उतारावर आहे. नदीकाठापर्यंत एकच सरळ रस्ता जातो, आणि त्याचं वरचं टोक म्हणजे सासऱ्यांचं अंगण. चाक आधी सावकाश निघालं, आजूबाजूला बघत गेल्यासारखं. मग त्याला रस्ता सापडला. यानिक मागे धावला. चर्चमधली प्रार्थना नुकतीच सुटली होती, पायऱ्यांवर सगळा गाव उभा होता. चाक चर्चसमोरून गेलं, मागून यानिक गेला, एका पायात बूट घातलेला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चौकात स्टॉपची पाटी होती, चाक तिच्याकडे न बघता पार गेलं.

"थांबलं नाही," सासूबाई वरून बघत म्हणाल्या. "आदेलारवर गेलंय."

नदी अजून गोठली नव्हती. इथवर काही ऐकू आलं नाही, फक्त यानिक खाली काठावर थांबून कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला दिसला.

आता आमच्याकडे न बसणाऱ्या रिमा तीन, तडकलेल्या रिमा दोन, रिकामा फ्रीझर एक. परवा साडेदहाला डॉक्टर. मला कळत होतं की सगळे माझ्याकडे बघत नाहीयेत, आणि कुणी मुद्दाम बघत नसलं की जास्तच कळतं. फ्लावी वाऱ्यानं रडायला लागली. मी तिला कोटात घेतलं आणि गाडीच्या तंबूत शिरले.

हा तंबू प्रत्येक दारात असतो. नोव्हेंबरात लोखंडी नळ्या उभ्या करायच्या, वर पांढरं प्लॅस्टिक ताणायचं, आत गाडी ठेवायची, म्हणजे सकाळी फावडं मारावं लागत नाही. आजोबांचा तंबू गावातला सर्वांत ताठ. बाकीच्यांचे वाऱ्यात फडफडतात, उडतात, कुंपणावर जाऊन बसतात. आजोबांचा आठ वर्षांत हललेला नाही.

आत पांढरा, मऊ उजेड होता. मी उपड्या क्रेटवर बसले आणि फ्लावीला पाजायला घेतलं. ती प्यायली, शांत झाली आणि मग माझ्या खांद्यावरून कोपऱ्यात टक लावून बघायला लागली. मी मान वळवली. मुलं कुठे बघतात ते मी नेहमीच बघते, न जाणो तिथे काय असेल.

कोपऱ्यात, नळीच्या पायथ्याशी, कपडे वाळत घालायच्या दोरीनं बांधलेलं एक गोल, पांढऱ्या रंगानं रंगवलेलं काहीतरी होतं. त्याच्या मधून दोरी ओवली होती. मी भोकं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. दुसऱ्या कोपऱ्यात बघितलं. पाच. मी नखानं रंग खरवडायला लागले. नख मोडलं. मग फ्लावीच्या पिशवीतला चमचा काढला. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली लोखंडात कोरलेले आकडे दिसले. आधी सोळा, व्हॅनच्या तडकलेल्या रिमांवर आहे तोच. मग थोडं आणखी खरवडल्यावर एकशे आठ.

मी ओरडले नाही, कारण फ्लावी नुकतीच झोपली होती. मी तंबूच्या पडद्यातून डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, तंबूच्या कोपऱ्यांना काय बांधलंय?"

"वजनं."

"कसली वजनं?"

"कसली म्हणजे? जड."

"त्यांना पाच भोकं आहेत."

"दोरी ओवायला."

यानिक नुकताच वर पोचला होता, तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता, तोही धापा टाकायचा थांबला. सासूबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"अरे म्हाताऱ्या," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ती तुझ्या बहिणीच्या गाडीची चाकं आहेत. तिनं गाडी भंगारात दिली तेव्हा तूच सोडवून आणलीस. म्हणालास, कधीतरी कामाला येतील."

"आलीच की कामाला," आजोबा म्हणाले. "आठ वर्षं तंबू हलला नाही."

पण ते बोलताना त्यांचा आवाज बसत गेला. ते तंबूत आले, कोपऱ्यात वाकले, चमच्यानं उघडं केलेलं लोखंड अंगठ्यानं पुसलं. तो आकडा त्यांनी वाचला. एक अख्खा मूस, दोन गावं, एक नदी. आणि चाकं त्यांच्या रोजच्या पायाखाली, त्यांनीच रंगवलेली, तंबूला शोभतील म्हणून पांढरी.

"एकदा वजन झालं की," ते स्वतःशीच म्हणाले, "माणूस त्याच्याकडे चाक म्हणून बघत नाही, पोरी."

मग जी धावपळ झाली ती मला नीट क्रमानं सांगता येणार नाही. तीन चाकं दोरी कापून निघाली. चौथं जमिनीला गोठून बसलं होतं. सासूबाईंनी बटाटे उकळत असलेलं भांडं बटाट्यांसकट आणून ओतलं. यानिकनं पहार घातली. कुणी म्हणालं डावीकडून, कुणी म्हणालं उजवीकडून, रेमीनं खाणीतून फोन करून व्हिडिओवरून सांगितलं की मधून. चाक निघालं तेव्हा त्याच्यासोबत आठ वर्षांची जमीन आणि तीन बटाटे निघाले.

जिनेत त्या रविवारी अंधार पडेपर्यंत गॅरेजात होती. आम्ही दारात चार पांढरी चाकं मांडली. तिनं तारेच्या ब्रशनं एकेक घासलं, फिरवून बघितलं, जुने कडक टायर उतरवले. एकही रिम वाकडी नव्हती. ती हिवाळी टायर चढवायला लागली तेव्हा मी म्हटलं, "तू सांगितलं होतंस, सासरच्यांना शोधायला सांगू नकोस. पण बघ, सापडल्या सासरीच."

"कुणाला सापडल्या?"

"मला."

"मग माझं काय चुकलं?" असं म्हणून तिनं हवेचा पाइप लावला.

व्हॅन खाली उतरली तेव्हा मी चारही चाकं हातानं चाचपली. नव्या रबराच्या खाचा बोटांत रुतत होत्या. यानिकनं गावाच्या चढावर व्हॅन नेली, मुद्दाम थांबवली, पुन्हा काढली. घसरली नाही. परत येताना त्यानं हॉर्न दाबून धरला होता आणि चर्चच्या पायऱ्यांवर उरलेल्या लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आता राहिला तंबू.

मंगळवारी ताशी ऐंशी किलोमीटरचे झोत येणार असा हवामान खात्याचा इशारा होता, आणि तंबूचे चारही पाय मोकळे झाले होते. न बसणाऱ्या अरुंद रिमा होत्या, पण तीन. त्या तीन कोपऱ्यांना बांधल्या. चौथी सागनेच्या तळाशी. तडकलेल्या रिमा ॲल्युमिनियमच्या, त्या उचलून बघितल्या तर माझ्या फ्लावीएवढ्या हलक्या.

"फ्रीझर आणू," यानिक म्हणाला. "भरलेला असता तर दोन माणसांनाही हलला नसता."

सगळ्यांनी तळघराच्या दाराकडे पाहिलं. यानिकच्याही ध्यानात आलं.

"बादलीत वाळू?"

नगरपालिकेचा वाळूचा ढीग गोठून दगड झाला होता.

"मग गाडीलाच बांधू. आतली गाडी एक टनाच्या वर आहे."

"नऊ वर्षांपूर्वी बांधला होता," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी गडी विसरला आणि तंबूसकट प्रार्थनेला गेला."

"एकदाच," आजोबा म्हणाले.

सोमवार वाद घालण्यात गेला. मंगळवारी पहाटे पाचला आम्ही निघायला अंगणात आलो, तेव्हा वारा सुरू झाला होता. व्हॅनमध्ये रुंद खुर्ची, खुर्चीत फ्लावी, तिच्या शेजारी मी, पुढे सासूबाई, चालवायला यानिक. आजोबांनाही यायचं होतं. कोट घालून, टोपी घालून ते तयार होते, बाळाला दाखवायला खिशात लाकडाचं बदक होतं. तेवढ्यात तंबूचा चौथा कोपरा हातभर वर उचलला गेला, आत डोकावून बघितल्यासारखा, आणि परत खाली आदळला.

आजोबांनी आमच्याकडे बघितलं, तंबूकडे बघितलं. मग ते आत गेले, लाकडी खुर्ची कोपऱ्यात ठेवली, नळीची दोरी खुर्चीच्या पायाला बांधली आणि वर बसले. कोपरा शांत झाला.

"आजोबा, चला. उडाला तर उडाला."

"पोरी, माझ्या वजनांमुळे तुला दीड महिना झोप लागली नाही. मी काय झोपेत नव्हतो, बघत होतो." त्यांनी बदक माझ्या हातात दिलं. "आता मी वजन म्हणून बसतो. जा. वारा दुपारपर्यंत पडेल."

सासूबाईंनी त्यांच्या मांडीवर थर्मास ठेवला आणि गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळला. "हलू नकोस, म्हाताऱ्या."

"मी कुठे हलतोय?"

पार्कातल्या रस्त्यावर बर्फ आडवं येत होतं. व्हॅन एकदाही डगमगली नाही. जिनेतनं बजावलं होतं म्हणून अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर नट पुन्हा आवळले. यानिकनं आवळले आणि नंतर मी प्रत्येक नट मोजला, वीस. साडेदहाला आम्ही डॉक्टरांसमोर होतो. डॉक्टरांनी फ्लावीचे पाय हलवले, वाकवले, फोटो उजेडासमोर धरला आणि काही न बोलता पट्ट्यांचे बंद सोडायला लागले. एकेक करून सोडले. फ्लावीनं आधी उजवा पाय उचलला आणि त्याच्याकडे संशयानं पाहिलं. मग डावा. मग दोन्ही एकदम आपटले आणि लाकडाचं बदक उडून डॉक्टरांच्या चष्म्याला लागलं. सासूबाई रडल्या. यानिक खिडकीकडे तोंड करून म्हणाला की त्याच्या ओळखीचा एक आहे, तोही असाच रडतो.

आता दुपारचे तीन वाजलेत. वारा पडलेला नाही, वाढलाय. पार्कातला रस्ता बंद केल्याचं नुकतंच जाहीर झालंय, उद्या सकाळशिवाय उघडणार नाही. आम्ही हॉस्पिटलच्या उपाहारगृहात बसलोय आणि मी सासरच्या घरी सात वेळा फोन लावलाय. तो वाजतो आणि कुणी उचलत नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि आजोबा तंबूत. मोबाइल ते बाळगत नाहीत. नणंद कामाच्या पाळीवर आहे, तिचा फोन तिच्या कपाटात. जिनेतच्या गॅरेजात आज कुणी फोन उचलेल इतका मोकळा हात नाही, कायदा लागू झालाय.

तेव्हा तुम्ही यातलं काही वाचत असाल आणि सागनेच्या त्या चढावर राहत असाल, किंवा तिथून जात असाल, तर कृपा करून चर्चच्या वरच्या शेवटच्या अंगणात जाऊन बघा. पांढरा तंबू आहे, त्याच्या डाव्या कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारा बसलेला असेल. त्यांनी काही खाल्लंय का विचारा. पाय गार पडलेत का बघा, ते स्वतःहून सांगणार नाहीत. आणि त्यांना एवढं सांगा, की फ्लावीचे पट्टे निघाले, दोन्ही पाय सारखे आहेत, ती आपटतेय.

फक्त सांगायच्या आधी तंबूचा तो कोपरा दोन्ही हातांनी घट्ट धरा. बातमी ऐकली की ते उठून उभे राहतील.